न वाजणारी घंटी

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत वरच्या मजल्यांवर अजूनही सतारीचे भोपळे वाळत घातलेले दिसत. अशाच एका घराच्या तळमजल्यावर नसीम सतारमेकरची प्रक्रियक-चाचणीशाळा होती. आजोबांनी जिथे बसून तारा जुळवल्या, तिथे बसून नात संगणकांचे मेंदू तपासायची. त्या दिवशी लांब टेबलावर तीन प्रक्रियक मांडले होते आणि तिन्ही कामाला जुंपलेले होते. पहिल्याच्या डोक्यावरचा पंखा असा घोंघावत होता की समोरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागे.

"काका, तिकडे नका बसू," नसीम म्हणाली. "तो वारा तुमच्यासाठी नाही, साहेबांसाठी आहे. साहेब तापट आहेत."

विश्वंभर आठल्ये हसले आणि खुर्ची सरकवून दुसऱ्या बाजूला बसले. कृष्णेच्या पूरनियंत्रण खात्यातून ते मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. धरणांचे दरवाजे कधी उघडायचे आणि कधी नाही, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता दिवसभर तसं काही नसे. राममंदिरात कीर्तन असलं की ते बुवांच्या मागे पेटीवर बसत. त्या पेटीचे सूर नसीमचे वडील लावून देत, तेव्हापासून ती त्यांना काका म्हणत आली होती.

"घरचा उंबरठा फार तापतोय," ते म्हणाले. "काल दोनदा बंद पडला. आणि नेमका या आठवड्यात मला तो बंद पडून चालणार नाही."

उंबरठा म्हणजे उंबरठा-संगणक. घरात येणारा आणि घरातून बाहेर जाणारा प्रत्येक शब्द, प्रत्येक चित्र ज्याच्यातून जातं, तो भिंतीवरचा लहानसा डबा. आलेला निरोप खऱ्या माणसाचा की भामट्याचा हे तो पाहतो, भामट्याला बाहेर ठेवतो, आपलं बोलणं कुलूपबंद करून पाठवतो. हे सगळं करायला त्याला प्रक्रियक लागतो, आणि कोणता घ्यावा याबद्दल मिरजेत नसीमइतकं कुणी सांगू शकत नसे.

"हे पहिले साहेब," तिने बोट दाखवलं. "चोवीस गाभ्यांचे. लोक येतात आणि हाच मागतात. अहो, दारावर आलेल्या एका माणसाची झडती चोवीस जण घेतात का? एक जण घेतो, बाकीचे तेवीस विडी ओढत बसतात. आणि त्यांच्या विडीचं वीजबिल तुम्ही भरता."

"मग तेवीस जण ठेवतात कशाला?"

"तेवीस जण अग्रकल्पन करतात. तुमच्याकडे आहे ते, घेतलेलं आहे तुम्ही."

त्यांच्याकडे ते होतंच. त्यांची पत्नी डॉ. कुमुद आठल्ये मृदाशास्त्रज्ञ म्हणून मंगळावरच्या तळावर होती. एकदा मुदत संपली, तिने वाढवून घेतली, मग पुन्हा एकदा वाढवून घेतली. सध्या मंगळ सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होता आणि शब्द तिथे पोचायला वीस मिनिटं घेत होता, उत्तर परतायला आणखी वीस. प्रकाशाहून वेगाने काही जात नाही, त्यामुळे यावर इलाज नव्हता. इलाज होता तो एकच. तिचं उत्तर काय असेल ते उंबरठ्याने आधीच ओळखायचं आणि तिच्याच आवाजात ऐकवायचं. वर्षानुवर्षांच्या बोलण्यातून तो तिला शिकला होता. यात फसवणूक काही नव्हती, सगळ्यांना माहीत असे. ज्यांची माणसं वर गेली होती त्या सगळ्यांच्या घरात हे होतं. विश्वंभर रोज संध्याकाळी सातला खुर्चीत बसत, "काय कुमुद?" म्हणत आणि कुमुद लगेच उत्तर देई.

"मग मला साहेबच दे," ते म्हणाले. "शुक्रवारपर्यंत तिला तळप्रमुखाला सांगायचंय. पुढच्या परतयानात जागा हवी की आणखी एक मुदत. मी तिला विचारणार आहे. त्या दिवशी अंदाज चुकून चालणार नाही."

"चुकला तरी बिघडत नाही. खरं उत्तर चाळीस मिनिटांनी येतंच. उंबरठा ते अंदाजाशी ताडून बघतो. अर्थ वेगळा निघाला तर घंटी वाजते आणि खरं उत्तर ऐकू येतं. तुमच्याकडे वाजते का घंटी?"

"दोन वर्षांत वाजलेली आठवत नाही." हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. कीर्तनाच्या मंडळींतही ते हे सांगत. इतकी वर्षं संसार केला, यंत्रालाही आता कुमुद पाठ झाली आहे.

"बघा, मग झालं तर."

"आणि अर्थ जुळला तर?"

"तर काय? जुळला."

"तसं नाही. अंदाज बरोबर निघाला तर त्या खऱ्या आवाजाचं काय करता तुम्ही?"

नसीम साहेबांचा पंखा जरा कमी करीत म्हणाली, "टाकून देतो. तुम्ही तोवर बोलून उठलेले असता. तेच पुन्हा कशाला ऐकवायचं?"

विश्वंभर म्हणाले, "आमच्याकडे असं नसायचं गं. पूर येणार असा अंदाज आला की आम्ही आधीच दरवाजे उघडायचो. अंदाज बरोबर आला तरी पाणी यायचंच. तुमच्याकडे अंदाज बरोबर आला की पाणी येतच नाही."

"असं कधी कुणी विचारलं नव्हतं," नसीम म्हणाली.

"समज, मी विचारलं, येतेस का. अंदाज म्हणाला, येते. खरी कुमुद पण म्हणाली, येते. पण रडत म्हणाली. किंवा निव्वळ माझं मन राखायला म्हणाली."

"अर्थ एकच आहे, काका. घंटी वाजणार नाही."

"आणि टाकलेला आवाज? कुठे साठवलेला असतो?"

"कुठेच नाही. ती जागा लगेच दुसऱ्या कामाला लागते."

गल्लीतून कुणीतरी नव्या तंबोऱ्याची तार छेडत होतं. एकच तार, परत परत. नसीमने मधला सोडून तिसऱ्या प्रक्रियकावर बोट ठेवलं. तो नखाएवढा होता, त्याच्यावर पंखा नव्हता, आणि हात लावला तर कोमट लागत होता.

"हा मठ्ठ आहे," ती म्हणाली. "कुलूप चांगलं लावतो, झडती चांगली घेतो, वीज खात नाही. पण पुढचं काही ओळखत नाही. जे येईल ते, येईल तेव्हा, तसंच्या तसं आत सोडतो. खरं सांगायचं तर घरच्या दाराला एवढाच पुरतो. पण तुम्हाला चाळीस चाळीस मिनिटं बसावं लागेल. लोकांना नाही जमत ते. मागच्या महिन्यात एक बाई घेऊन गेल्या, चौथ्या दिवशी परत आणून दिला. म्हणाल्या, घर खायला उठतं."

"तुला काय वाटतं?"

"मला विचाराल तर…" ती थांबली. "तुम्ही पेटीवर बसता ना? बुवा आख्यान लावतात, त्यात शेवटी काय होणार हे समोर बसलेल्या म्हातारीलाही ठाऊक असतं. मग ती उठून घरी का जात नाही?"

"बुवा ते आज कसं सांगतात, ते ऐकायचं असतं."

"मग मला कशाला विचारता?" नसीम म्हणाली आणि तिसरा प्रक्रियक उचलून कागदी खोक्यात ठेवू लागली.

त्या संध्याकाळी प्रक्रियक बदलण्याआधी विश्वंभर सातला नेहमीच्या खुर्चीत बसले. जुना उंबरठा भिंतीवर तापून करकरत होता.

"काय कुमुद?"

"काही नाही, तुझीच वाट बघत होते," तिचा आवाज आला. तोच, हसतमुख, खणखणीत. "आज कीर्तन नाही वाटतं?"

"आहे. नंतर जाईन. कुमुद, परत येतेस ना?"

"म्हणजे काय! न येऊन सांगते कुणाला? स्वतःच्या हातची कढी पिऊन पिऊन तू वाळला असशील."

ते हसले. नेहमीसारखे, मनापासून हसले. बोलणं इतकं गोड होतं की आपण हे का बदलतो आहोत, असा प्रश्न त्यांना पडला. सोळा बाय बाराच्या त्या खोलीत दुसरा कुणाचा आवाज नव्हता. मूलबाळ नव्हतं, शेजारचं घर बंद होतं, आणि हा आवाज बंद केला की काय उरेल ते त्यांना चांगलंच दिसत होतं.

"ठेवतो आता," ते म्हणाले.

"बरं. मफलर घे," ती म्हणाली.

त्यांनी देवाचं नाव घेतलं, उंबरठ्याची वायर काढली, झाकण उघडलं. जुना प्रक्रियक हाताला भाजला. नवा बसवायला फार वेळ लागला नाही. आधीच्या बोलण्याच्या कुलपाची किल्ली जुन्याबरोबरच गेली होती, त्याचं खरं उत्तर आता उघडणार नव्हतं. हिरवा दिवा लागला, आणि त्यानंतर आवाज असा कसलाच आला नाही. पंख्याचाही नाही.

मग ते डब्यासमोर उभे राहूनच बोलले. खुर्चीत बसून बोलायला त्यांना धीर झाला नाही.

"कुमुद, परत येतेस का? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. मनापासून काय आहे ते सांग."

एवढं बोलून ते थांबले.

चाळीस मिनिटं म्हणजे काय, हे त्यांना पूर्वी ठाऊक होतं. पूर यायचा त्या दिवसांत वरच्या धरणातून सुटलेलं पाणी पोचेपर्यंत ते पुलावर उभे राहत. तेव्हा सोबतीला माणसं असत, कुणीतरी चहा आणे. इथे त्यांनी देवापुढचं निरांजन पुसलं. पेटीचं झाकण उघडून एक स्वर धरला आणि सोडून दिला. स्वयंपाकघरात गेले, कशासाठी आलो ते आठवेना, परत आले. देवळाकडून झांजांचा आवाज यायला लागला. बुवांनी पूर्वरंग सुरू केला असावा आणि पेटीवर कुणी नव्हतं. घर खायला उठतं म्हणालेल्या त्या बाईची त्यांना आठवण झाली. तिचं कोण वर असेल, एवढंही आपण नसीमला विचारलं नाही, असं वाटून गेलं.

हिरवा दिवा लुकलुकला.

"विशू."

त्यानंतर इतका वेळ काही नाही, की संपर्क तुटला असं त्यांना वाटलं. आवाज त्यांनी ओळखला, पण ओळखायला क्षणभर लागला. तो जाड झाला होता, खालच्या पट्टीत उतरला होता. शब्दांच्या मध्ये ती श्वास घेत होती. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज होता तो.

"आधी घाबरले मी," कुमुद म्हणाली. "आधी रोजचं बोललास, येतेस ना म्हणालास, हसलास. मग ठेवतो म्हणालास. आणि मग परत आलास, प्रश्न विचारलास, आणि गप्प. किती वेळ झाला, गप्पच आहेस. तुझं पुढचं वाक्यच येईना. म्हटलं, उभ्या उभ्या काही झालं की काय याला." ती खोकली. "मग डोक्यात प्रकाश पडला. तू उंबरठा बदललास ना? काढलंस तिला."

विश्वंभर खुर्चीत बसले.

"तर आता सांगते. इतकी वर्षं नाही सांगितलं, त्याचा राग धरू नकोस. माझ्याकडे ती सोय नव्हतीच रे. पहिल्या दिवसापासून नव्हती. इथे वरून सूक्ष्म कणांचा मारा असतो. बारीक विणीचे हुशार प्रक्रियक त्यात टिकत नाहीत, महिन्याभरात भ्रमिष्ट होतात. म्हणून तळावर सगळे जुने, जाड विणीचे, मठ्ठ. पुढचं ओळखणारा एकही नाही. तुला वाटायचं, एवढा मोठा तळ, तिथे सगळं भारीतलं असणार. आठल्येसाहेब, अभियंता ना तुम्ही?"

ती हसली. हसताना तिला पुन्हा खोकला आला.

"म्हणजे मला तूच ऐकू यायचास. वीस मिनिटं शिळा, पण तू. काय कुमुद, म्हणायचास. मग थोडी जागा मोकळी. मग तू हसायचास, कशाला ते मला माहीत नाही. पुढचं बोलायचास, परत जागा मोकळी. तिचं बोलणं त्या मोकळ्या जागेत असायचं, तुझ्याकडे. माझ्याकडे नुसती जागा. मी त्या जागेत बोलायची. तुझं पुढचं वाक्य यायच्या आत माझं संपायला हवं, अशी रोज धांदल. झांजवाल्यासारखी. तुमचे ते झांजवाले बुवांच्या तोंडाकडे बघत बसतात ना, तशी.

"सुरुवातीला माझं वेगळंच निघायचं. मी म्हणायची, आज कंटाळा आलाय. तिथे घंटी वाजायची, आणि तू ताटावरून उठून यायचास. आवाजावरून कळायचं, तोंडात घास आहे. 'हं, बोल, काय झालं?' एकदा तू पेटी घेऊन निघाला होतास, तेव्हा वाजली. किती वैतागलास. आठवत नसेल तुला. मग मी विचार करायला लागले, की तू हसलास म्हणजे तुला काय ऐकू आलं असेल. तेच म्हणायची. हळूहळू जमायला लागलं. पुढे पुढे घंटी वाजेनाशीच झाली. बोलताना कुणी आलं की तू त्यांना सांगायचास, मला ऐकू यायचं, की यंत्र कुमुदला किती छान शिकलंय." ती थांबली. "यंत्र कसलं शिकतंय. मी शिकले."

देवळात गजर चढला होता. विश्वंभर डब्याच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. थांबवून काही बोलावं असं बोलणंच हे नव्हतं. ती जे बोलत होती ते वीस मिनिटांपूर्वी बोलून झालेलं होतं.

"आता तुझा प्रश्न. यायचंय मला. फार यायचंय. मागच्या खेपेलाही यायचं होतं, पण तू तिच्याशी किती मजेत बोलत होतास. मला वाटलं, आपण कशाला मध्ये पडा. तिला कधी झोप येत नाही. तिचं डोकं दुखत नाही. तू काय म्हणणार ते तिला तुझ्या आधी कळतं. ते मला इथे बसून, दिवसातून अर्धा तास जमतं. घरात दिवसभर नाही जमायचं. मी आले तर रोज घंटी वाजेल, विशू. चालणार असेल तर सांग. आणि पटकन सांगू नकोस, विचार करून सांग."

दिवा स्थिर झाला.

त्यांच्या तोंडात उत्तर तयार होतं. अगं, म्हणजे काय, हा काय प्रश्न झाला. ओठांपर्यंत आलं आणि ते थांबले. हे वाक्य त्यांनी त्या दुसऱ्या कुमुदला इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याला तिच्या बोलण्याची चाल लागली होती. ते म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं, पण या आवाजाला ते उत्तरही नव्हतं.

देवळातून एकाने दारात येऊन सांगितलं, "आठल्येकाका, बुवा थांबलेत. आख्यान लावायचंय."

"त्यांना म्हणावं, पेटीशिवाय होऊ दे आज. माझ्याकडे बोलणं चाललंय."

त्याने रिकाम्या खोलीभर नजर फिरवली. "बरं," म्हणून तो गेला.

ती इतकी दमलेली का वाटत होती, याचा विश्वंभर विचार करत होते. वय होतं, खोकला होता, पण त्याशिवाय काहीतरी होतं. अर्धवट झोपेतून उठवलेलं माणूस बोलतं, तसं ती बोलत होती. मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा जवळजवळ चाळीस मिनिटांनी मोठा. इथले संध्याकाळचे सात तिथे रोज थोडे थोडे सरकत जाणार. कधी तिची दुपार, कधी पहाट, कधी ऐन मध्यरात्र. एकही दिवस न चुकवता ती त्या वेळेला येऊन बसत होती. धरणातून सुटलेलं पाणी कोणत्या गावाला किती वाजता पोचेल ते त्यांनी आयुष्यभर काढलं होतं. हा हिशेब तर त्याहून सोपा होता. तो करावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, कारण त्यांच्याकडची कुमुद नेहमी संध्याकाळीच बोलत असे.

ते डब्याजवळ खुर्ची ओढून बसले.

"कुमुद, वाजू दे," ते म्हणाले. "रोज वाजू दे. ताटावरून उठायला लागलं तर उठेन. वैतागलो तर तू पण वैताग." मग ते थोडे थांबले. ते थांबणंही तिला जसंच्या तसं ऐकू जाणार, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी घाई केली नाही.

"आणि एक विचारायचं राहिलं. तुझ्याकडे आत्ता किती वाजलेत?"

एवढं विचारून ते वाट बघत बसले. प्रश्न नुकताच घरातून निघाला होता.